सरकार मोठे कशाने होते?



"सरकार फार फुगले आहे, ते कमी केले पाहिजे," हे वाक्य हल्ली इतक्या ठिकाणी कानांवर पडते की त्याचा एकदा समाचार घेणे आम्हाला भाग आहे. पूर्वी ते कारखानदारांच्या सभांतून ऐकू येई. आता ते आपल्या घरांत शिरले आहे. रविवारी वंदना आटोपल्यावर विहाराच्या ओट्यावर चहा घेताना पुण्याच्या कंपनीत काम करणारा पुतण्या हे वाक्य टाकतो आणि रेल्वेतून निवृत्त झालेले काका तापतात. पुतण्या म्हणतो, "काका, तुमच्या ऑफिसात दहा माणसांचे काम तीस माणसे करत होती." काका म्हणतात, "अरे, त्या तिसांतला एक मी होतो, म्हणून तू इंजिनिअर झालास." दोघांचेही म्हणणे खोटे नाही. मात्र दोघेही सरकारची माणसे मोजत बसतात आणि वाद तेथेच अडतो.

माणसेच मोजायची तर मोजून टाकू. सातव्या केंद्रीय वेतन आयोगाने २०१५ सालच्या अहवालात तुलना दिली आहे. भारतात दर एक लाख लोकसंख्येमागे केंद्र सरकारचे कर्मचारी १३९ आणि अमेरिकेत तेथील संघ सरकारचे ६६८. ज्या अमेरिकेच्या नावाने आपल्याकडे खाजगीकरणाचे पोवाडे गायले जातात, तिचे केंद्रीय सरकार या मापाने आपल्या चौपटीहून मोठे! तरीही पाचव्या वेतन आयोगाने १९९७ साली सरकारी नोकरवर्ग दहा वर्षांत तीस टक्क्यांनी कमी करा, अशी शिफारस केली होती. असो. आम्हाला हे माप मुळातच अपुरे वाटते, आणि त्याचे कारण आपल्या वाडवडिलांच्या पाठीवर लिहिलेले आहे.

महार वतन आठवा. इंग्रज सरकारच्या १८७४ च्या वतन कायद्याप्रमाणे गावचा महार हा कागदोपत्री सरकारी चाकर. सरकारी टपाल आणि सारा तालुक्याला पोचवायचा, गावात आलेल्या अंमलदाराच्या दिमतीला उभे राहायचे, गावाची राखण करायची, हद्दीचे तंटे निघाले की साक्षीला जायचे. वेळेचे बंधन नाही. दिवस म्हणू नका, रात्र म्हणू नका, हाक आली की निघायचे. कर्ता माणूस घरी नसेल तर घरातल्या दुसऱ्याने जायचे. या चाकरीचा मोबदला काय? इनाम जमिनीचा तुकडा, जो वाटण्या होत होत पांघरुणाएवढा उरला होता, कोठे कोठे किरकोळ रोकड, आणि बाकी सारा भार गावाच्या बलुत्यावर. म्हणजे चाकर सरकारचा, पण त्याचे पोट गावाच्या मुठीत. मेलेले ढोर ओढायला नकार दिला की बलुते बंद.

आता सांगा, हे सरकार लहान की मोठे? पगारपत्रक पाहिले तर इतके काटकसरी सरकार शोधून सापडणार नाही. खर्च जवळपास नाहीच. आणि तरीही त्या सरकारचा हात महारवाड्यातल्या झोपलेल्या माणसापर्यंत पोचत होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात वतन सुधारणेचे बिल आणले, त्याचा रोख येथेच होता. काम सरकारचे, तर पगार सरकारने द्यावा, काम ठरवून द्यावे, आणि ज्याला ही चाकरी नको असेल त्याला जमीन ठेवून मोकळे होऊ द्यावे. ते बिल पुढे सरकले नाही. १९३९ साली हरेगावच्या परिषदेत हाच प्रश्न पुन्हा मांडावा लागला, आणि वतने कायद्याने नाहीशी व्हायला १९५८ साल उजाडले. तोवर बाबासाहेब राहिले नव्हते.

आपल्या भटक्या-विमुक्त बांधवांची कहाणी याहून कठोर. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मालाच गुन्हा ठरवले. हजेरी दिल्याशिवाय गाव सोडता येत नसे, सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारांच्या कुंपणात पिढ्या वाढल्या. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. ज्या लोकांसाठी सरकारने शाळा, दवाखाना, जमीन यांतले काही म्हणून दिले नव्हते, त्यांच्यापुरते सरकार एवढे अवाढव्य होते की श्वास घ्यायलाही परवानगी हवी.

आणि नेमके पाहिजे होते तेथे तेच सरकार केवढे होते? महाडला बघा. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत, हा सी. के. बोले यांचा ठराव १९२३ साली कौन्सिलात मंजूर झाला होता. महाड नगरपालिकेनेही तो मान्य केला होता. तरी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना लोकांना घेऊन चवदार तळ्यावर जावे लागले, परतणाऱ्या माणसांची डोकी फुटली, आणि कोर्टाचा निकाल लागायला १९३७ साल आले. गावाच्या दांडगाईपुढे सरकार तेव्हा अंग चोरून उभे होते. ज्यांच्यावर असा प्रसंग कधी आला नाही, त्यांना सरकार कमी असावे असे वाटले तर त्यात नवल नाही. त्यांचे गावाशी, सावकाराशी, मालकाशी बरे चालले होते.

बाबासाहेबांनी शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनतर्फे १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' हे निवेदन तयार केले. त्यात या वादाचे उत्तर आम्हाला तरी स्वच्छ दिसते. सरकारने हात आखडला म्हणजे माणूस स्वतंत्र होतो, ही समजूत त्यांनी खोडून काढली. सरकारने सोडलेली जागा रिकामी राहत नाही. तेथे जमीनदार येतो, भांडवलदार येतो, आणि पोटासाठी त्याच्या दारात उभा असलेला माणूस आपले हक्क एकेक करून उंबऱ्याबाहेर ठेवतो. म्हणून महत्त्वाचे उद्योग, विमा आणि शेतीसुद्धा शासनाकडे असावी, अशी त्यांची मागणी होती. पुतण्याच्या पिढीला हे फारच वाटेल. पण त्याच निवेदनात दुसरी बाजूही आहे, ती आपले वक्ते जयंतीच्या भाषणात सहसा सांगत नाहीत. हे अधिकार सरकारला द्यायचे ते घटनेने बांधून, संसदीय लोकशाही शाबूत ठेवून. आज बहुमत आले म्हणून वाढवा आणि उद्या गेले म्हणून मोडा, असे नव्हे. हुकूमशाही त्यांना मालकाचीही नको होती आणि सरकारचीही नको होती.

भारतीय राज्यघटनेत हे दुहेरी कुंपण दिसते. मूलभूत हक्क प्रामुख्याने सरकारला अडवतात. पण अस्पृश्यता नष्ट करणारे कलम १७ फक्त सरकारपुरते नाही, ते तुमच्या शेजाऱ्यालाही लागू आहे. कलम १५ चा दुसरा भाग दुकान, हॉटेल, विहीर, तलाव यांची नावे घेऊन बोलतो. वेठबिगारी बंद करणारे कलम २३ खाजगी मालकालाही सोडत नाही.

तेव्हा आमच्या मते सरकार प्रमाणाबाहेर मोठे होते ते नोकरांच्या संख्येने नव्हे. ज्याला जाब विचारता येत नाही असे सरकार मोठे. पुतण्याचा राग येथे आम्हाला मान्य आहे. जातीच्या दाखल्यासाठी आणि पडताळणीसाठी मुलांना जे हेलपाटे पडतात, पणजोबाच्या शाळेचा कागद आणा म्हणून ज्या घरात पणजोबा शाळेत गेलाच नाही त्या घराला सांगितले जाते, तो सरकारचा फाजील मोठेपणाच. मंत्र्यांची खोगीरभरतीही तशीच. उत्तर प्रदेशात १९९७ साली कल्याणसिंगांच्या मंत्रिमंडळात ९३ मंत्री होते! शेवटी २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने मंत्रिमंडळ विधानसभेच्या १५ टक्क्यांवर रोखावे लागले, म्हणून आपल्या २८८ आमदारांच्या विधानसभेत ४३ वर जाता येत नाही. केंद्र सरकारने २०२२ मध्ये आपली विमान कंपनी विकली, त्याबद्दलही आम्ही अश्रू ढाळले नाहीत. आमच्या वस्तीतून त्या विमानात किती लोक बसले होते?

पण कात्री नेहमी वरून चालत नाही. ती खालून चालते. मंडल आयोगाच्या शिफारशी लागू करण्याची घोषणा ऑगस्ट १९९० मध्ये झाली, नवे आर्थिक धोरण जुलै १९९१ मध्ये आले, आणि सुप्रीम कोर्टाने इतर मागासवर्गीयांचे आरक्षण उचलून धरले ते नोव्हेंबर १९९२ मध्ये. दार उघडत असतानाच आतले घर लहान करायला घेतले, असे कुणाला वाटले तर त्याला आम्ही वेडा म्हणणार नाही. शिपाई, सफाई कामगार, पहारेकरी, वाहनचालक ही कामे बंद पडली नाहीत. ती कंत्राटदाराकडे गेली. ऑफिस तेच, साहेब तेच, झाडू तोच. फक्त त्या जागेवर आरक्षणाची बिंदुनामावली लागत नाही, आणि भविष्यनिर्वाह निधी कापला पण भरला का, हे विचारायला गेले की साहेब कंत्राटदाराकडे बोट दाखवतात आणि कंत्राटदार साहेबाकडे. महाराष्ट्र सरकारने सप्टेंबर २०२३ मध्ये बाह्य यंत्रणेमार्फत भरतीचा निर्णय काढला, तेव्हा तरुण रस्त्यावर आले आणि ऑक्टोबरमध्ये तो मागे घ्यावा लागला. त्या मोर्चांत पुतण्याच्या वयाचीच मुले होती.

गटारात उतरून मेलेल्या माणसाच्या घरी जा, तेथे हा वाद पुस्तकी राहत नाही. सुप्रीम कोर्टाने २०१४ साली अशा प्रत्येक कुटुंबाला दहा लाख रुपये द्यायला सांगितले आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रक्कम तीस लाख केली. हुकूम सरकारांना आहे. पण नवऱ्याला उतरवणारा कंत्राटदार, त्याच्या हाताखालचा दुसरा कंत्राटदार, नोंद कुठेच नाही, अशा अवस्थेत ती माउली मागायला जाणार कुणाच्या दारात?

मुंबईत कचरा वाहतूक श्रमिक संघाने असेच एक प्रकरण वर्षानुवर्षे लढवले. सुमारे २,७०० कामगार रोज शहराचा कचरा उचलत होते आणि ते कंत्राटदाराचे, आमचे नव्हेत, अशी महापालिकेची भूमिका होती. औद्योगिक न्यायाधिकरणाने त्यांना पालिकेचेच कामगार ठरवले आणि एप्रिल २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते कायम केले. निकालाप्रमाणे ही नावे पालिकेच्या पगारपत्रकावर यायची होती. शहरातला कचरा मात्र आधीही तेच उचलत होते.