‘इंटिमेट’ करा म्हणजे नेमकं काय करा? पीकविम्यातल्या एका इंग्रजी शब्दाचा अर्थ

धाराशिव : ‘नुकसान झाल्यापासून ७२ तासांच्या आत इंटिमेट करावे.’ पीकविमा भरणाऱ्या शेतकऱ्यांच्या कानावरून हे वाक्य अनेकदा गेलं आहे. बँकेचं पत्र, कॉलेजची नोटीस, नोकरीचा ई-मेल यांतही हा शब्द असतोच. पण ज्याच्यावर मुदत अवलंबून आहे, त्या ‘इंटिमेट’ या क्रियापदाचा अर्थ किती जणांना नक्की माहीत असतो?

एकच स्पेलिंग, दोन उच्चार

‘इंटिमेट’ हा शब्द विशेषणही आहे आणि क्रियापदही. विशेषण असताना त्याचा अर्थ जिव्हाळ्याचा, अगदी जवळचा असा होतो आणि उच्चार ‘इंटिमट’च्या जवळ जातो. क्रियापद असताना शेवटी ‘मेट’ असा स्पष्ट उच्चार होतो आणि अर्थ होतो कळवणे. दोन्हींचं मूळ लॅटिन भाषेत आहे. ‘इंटिमस’ म्हणजे सर्वांत आतलं, तर ‘इंटिमारे’ म्हणजे जाहीर करणं, माहीत करून देणं.

खरा गोंधळ कुठे?

गोंधळ क्रियापदाच्याच दोन अर्थांत आहे. ब्रिटन-अमेरिकेतल्या आजच्या इंग्रजीत ‘इंटिमेट’ म्हणजे बहुतेक वेळा आडून सुचवणं. मंत्र्याने राजीनाम्याचं ‘इंटिमेट’ केलं, असं तिथल्या बातमीत आलं तर त्याने स्पष्ट काही सांगितलेलं नसतं, फक्त संकेत दिलेला असतो. भारतातल्या सरकारी इंग्रजीत मात्र हाच शब्द रीतसर कळवणं या जुन्या अर्थाने टिकून आहे. म्हणजे एकीकडे नुसता इशारा आणि दुसरीकडे थेट वर्दी.

मराठीतही असं होतं. ‘सूचना’ म्हणजे नोटीसही आणि सल्लाही. म्हणून ‘सूचित करावे’ असं भाषांतर केलं, तरी संदिग्धता राहतेच. ‘कळवा’ म्हटलं की शंका उरत नाही.

धाराशिवला या शब्दाचं मोल ठाऊक आहे

ऑक्टोबर २०२० मध्ये अतिवृष्टीने मराठवाड्यातलं काढणीला आलेलं आणि काढून ठेवलेलं सोयाबीन भिजलं. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या बहुसंख्य शेतकऱ्यांनी ७२ तासांत नुकसानीची ‘इंटिमेशन’ दिली नाही, असं कारण पुढे करून विमा कंपनीने भरपाई नाकारली. प्रशासनाने केलेले पंचनामे हा शेतकऱ्यांचा आधार होता. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेलं. मे २०२२ मध्ये खंडपीठाने साडेतीन लाखांहून अधिक शेतकऱ्यांना भरपाई देण्याचा आदेश दिला. वाद पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला.

शेतात पाणी, कोरोनाचा काळ, अनेकांच्या हातात साधा फोन. अशा वेळी तीन दिवसांत कुणाला, काय आणि कसं कळवायचं, हेच अनेकांसाठी कोडं होतं. निकाल शेतकऱ्यांच्या बाजूने लागला, पण त्यासाठी दीड वर्षाहून अधिक काळ गेला.

‘इंटिमेशन’मध्ये काय अपेक्षित असतं?

प्रधानमंत्री पीकविमा योजनेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार गारपीट, पाणी साचणं यांसारख्या स्थानिक आपत्तीत किंवा काढणीनंतर शेतात सुकायला ठेवलेल्या पिकाच्या नुकसानीत ७२ तासांची अट येते. पीकविमा अ‍ॅप, १४४४७ हा मदत क्रमांक, विमा कंपनी, बँक किंवा कृषी विभाग यांपैकी कुठेही कळवता येतं. गट क्रमांक, विमा उतरवलेलं पीक आणि बाधित क्षेत्र ही माहिती त्यात हवी.

महाराष्ट्राने मात्र खरीप २०२५ पासून नियम बदलले. एक रुपयातला विमा बंद झाला आणि भरपाई पीक कापणी प्रयोगातून निघणाऱ्या उत्पादनावर आली. स्थानिक आपत्ती आणि काढणीपश्चात नुकसानीचं संरक्षण वगळलं गेलं. त्यामुळे सप्टेंबर २०२५ मध्ये परंडा, भूम भागात पुराने शेतं खरवडली, तेव्हा विम्याची वैयक्तिक ‘इंटिमेशन’ देण्याचा मार्गच नव्हता. खरीप २०२६ पासून वन्यप्राण्यांमुळे होणारं नुकसान योजनेत घेण्याचं केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं. तिथेही अ‍ॅपवरून ७२ तासांत फोटोसह कळवण्याची अट आहे. त्यामुळे विमा भरतानाच आपल्या हंगामात आणि आपल्या पिकाला कोणतं संरक्षण लागू आहे, हे तालुका कृषी अधिकारी कार्यालयात विचारून घ्यायला हवं.

वापर कसा करावा?

नोकरीच्या अर्जात किंवा परदेशी ग्राहकाला लिहिताना ‘इंटिमेट’ टाळलेलं बरं. तिथे ‘इन्फॉर्म’ किंवा ‘नोटिफाय’ हे शब्द सरळ आहेत. भारतीय कार्यालयाच्या पत्रात ‘इंटिमेट’ दिसला, तर मात्र तो रीतसर कळवण्याचा आदेश समजावा. असं कळवणं सिद्ध करता आलं पाहिजे. अ‍ॅपवर किंवा फोनवर मिळालेला तक्रार क्रमांक लिहून ठेवावा, स्क्रीनशॉट घ्यावा, अर्ज दिला तर पोच घ्यावी. तोंडी सांगितलं आणि नोंदच झाली नाही, तर नंतर दाखवायला हातात काही उरत नाही.

जबाबदारी फक्त वाचणाऱ्याची नाही

महाराष्ट्राचा राजभाषा अधिनियम १९६४ चा आहे. साठ वर्षांनंतरही शेतकऱ्याच्या मोबाइलवर ‘इंटिमेशन’ हाच शब्द येत असेल, तर ती चूक शेतकऱ्याच्या इंग्रजीची नाही. ज्या शब्दापासून ७२ तासांचं घड्याळ सुरू होतं, तो शब्द समजेल असा लिहिणं हे मुदत घालणाऱ्याचं काम आहे. ‘पिकाचं नुकसान झालं तर तीन दिवसांत या क्रमांकावर कळवा आणि नोंदणी क्रमांक जपून ठेवा.’ एवढं एक मराठी वाक्य पुरेसं आहे. ते प्रत्येक पावतीवर ठळक छापायला फारसा खर्चही येत नाही.