आश्रय नव्हे, समीक्षा

स्थलांतरित लेखक आणि कलावंत हा गेल्या काही दशकांत साहित्यसिद्धान्ताच्या विशेष जिव्हाळ्याचा विषय झाला आहे. संकरितता, विस्थापन, सीमाप्रदेश, मधली जागा या संज्ञांवाचून आपल्याकडील पदव्युत्तर शोधनिबंध पुढे सरकत नाही. होमी भाभा यांचा 'द लोकेशन ऑफ कल्चर' (१९९४) हा या परिभाषेचा एक प्रमुख आधार. ही परिभाषा निरुपयोगी आहे असे नाही. पण तिच्या साहाय्याने रंगवले जाणारे चित्र तपासून पाहिले, तर त्यात एक विलक्षण पोकळी आढळते. एका बाजूस संहिता असते, दुसऱ्या बाजूस सिद्धान्त असतो. मधे छापखाना नसतो, सभागृहाचे भाडे नसते, पुस्तकांचे गठ्ठे उचलणारे हात नसतात. स्थलांतरित लेखक सीमारेषेवर एकटाच उभा असतो आणि त्या एकटेपणातूनच त्याची प्रतिभा स्फुरली, असे गृहीत धरले जाते. ज्यांनी वर्गणी गोळा करून, नियतकालिके काढून, प्रसंगी त्याच्याशीच वाद घालून त्याला लेखक म्हणून उभे राहू दिले, त्यांची रवानगी समाजकार्याच्या दप्तरात होते.

ही विभागणीच मुळात चुकीची आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. स्थलांतरितांच्या वस्त्यांत ज्यांनी कलावंतांच्या पाठीशी उभे राहण्याचे काम केले, त्यांतील सर्वोत्तम माणसांचे कार्य हे समीक्षेचेच कार्य होते. काय छापायचे, काय पुन्हा छापायचे, कोणता वाद लावून धरायचा, हे त्यांनी ठरवले. आणि ठरवणे म्हणजेच मूल्यमापन. जेथे हे मूल्यमापन संपले आणि केवळ 'विविधतेचे संवर्धन' उरले, तेथे कलावंत कलावंत राहिला नाही. तो आपल्या जमातीचा नमुना झाला. युद्धोत्तर ब्रिटनचा इतिहास या दृष्टीने बोलका आहे.

१९५५मध्ये अमेरिकेतून हद्दपार होऊन लंडनला आलेल्या क्लॉडिया जोन्स या त्रिनिदादमध्ये जन्मलेल्या कम्युनिस्ट कार्यकर्तीने १९५८मध्ये 'वेस्ट इंडियन गॅझेट' सुरू केले. त्याच वर्षी उन्हाळ्याच्या अखेरीस नॉटिंग हिलमध्ये कृष्णवर्णीयांवर हल्ले झाले. त्यानंतर काही महिन्यांतच, ३० जानेवारी १९५९ रोजी, तिने सेंट पँक्रसच्या नगरसभागृहात कॅरिबियन कार्निव्हल भरवला. त्याच्या स्मरणिकेच्या उत्पन्नातील काही वाटा त्या दंगलप्रकरणी दंड झालेल्या कृष्णवर्णीय आणि गोऱ्या अशा दोन्ही तरुणांसाठी राखून ठेवला होता. नॉटिंग हिलच्या आजच्या भव्य उत्सवाची एक पूर्वपीठिका म्हणून या घटनेचा उल्लेख होतो. स्मरणिकेचा हा हिशेब मात्र बाजूला पडतो. वस्तुतः गाणे, नृत्य आणि कोर्टाचा दंड एकाच जमाखर्चात मांडणे, हे कलेच्या स्वायत्ततेविषयी केलेले गंभीर विधान होते. ते ग्रंथात न येता स्मरणिकेत आले, एवढाच फरक.

जॉन ला रोझ यांचे उदाहरण याहून निर्णायक आहे. त्रिनिदादच्या तेलकामगार संघटनेशी निगडित असलेल्या या कवीने १९६६मध्ये सेरा व्हाइट यांच्यासह लंडनमध्ये 'न्यू बीकन बुक्स' ही प्रकाशनसंस्था काढली. त्याच वर्षाच्या अखेरीस एडवर्ड कमाऊ ब्रॅथवेट आणि अँड्र्यू साल्की यांच्या साथीने 'कॅरिबियन आर्टिस्ट्स मूव्हमेंट' सुरू झाली. अर्ल्स कोर्टच्या विद्यार्थी केंद्रात भरणाऱ्या तिच्या सभांतून कादंबरीकार, चित्रकार, शिल्पकार आणि विद्यार्थी एकत्र बसून आपल्या कलेच्या सौंदर्यशास्त्रावर भांडत. 'न्यू बीकन'च्या पहिल्या काही पुस्तकांकडे पाहावे. १९६७मध्ये विल्सन हॅरिस यांचे 'ट्रॅडिशन, द रायटर अँड सोसायटी' हे समीक्षालेखांचे पुस्तक निघाले. १९६९मध्ये जे. जे. टॉमस या त्रिनिदादच्या शाळामास्तराचा 'फ्राउडॅसिटी' हा ग्रंथ पुनर्मुद्रित झाला. वेस्ट इंडीजमधील कृष्णवर्णीय स्वराज्यास अपात्र आहेत, असे सांगणाऱ्या जेम्स अँथनी फ्राउड या इंग्रज इतिहासकाराला टॉमस यांनी १८८९मध्ये दिलेले ते उत्तर होते. ऐंशी वर्षांपूर्वीचा प्रतिवाद पुन्हा छापणारा प्रकाशक नुसती पुस्तके विकत नसतो. तो परंपरा प्रस्थापित करीत असतो. हाच माणूस १९६९पासून मुलांसाठी पूरक शाळा चालवत होता आणि १९८१मध्ये न्यू क्रॉस येथील आगीत तेरा तरुण कृष्णवर्णीयांचा मृत्यू झाल्यावर कृतिसमितीचा अध्यक्ष झाला. पुढच्याच वर्षी, १९८२मध्ये, 'न्यू बीकन', जेसिका आणि एरिक हंटली यांची 'बोगल-लूव्हर्चर' ही प्रकाशनसंस्था आणि 'रेस टुडे' गट यांनी मिळून कृष्णवर्णीय व तिसऱ्या जगातील पुस्तकांचे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन सुरू केले. ते १९९५पर्यंत चालले. शाळा, मोर्चा आणि पुस्तक ही येथे तीन वेगळी खाती नव्हती. शाळेत वाचक घडत होता, मोर्चात त्याला भाषा सापडत होती आणि पुस्तकात ती भाषा तपासली जात होती.

आता शासकीय धोरणाकडे वळू. नसीम खान यांचा 'द आर्ट्स ब्रिटन इग्नोअर्स' हा अहवाल १९७६मध्ये प्रसिद्ध झाला. स्थलांतरितांच्या कलाव्यवहाराची एवढी विस्तृत नोंद ब्रिटनमध्ये त्यापूर्वी झाली नव्हती आणि सार्वजनिक निधीत या कलांचाही हक्क आहे, ही त्यातील मागणी न्याय्यच होती. पण प्रशासन मागणी स्वीकारते तेव्हा ती आपल्या रकान्यांत बसवून स्वीकारते. 'वांशिक कला' असा रकाना तयार झाला आणि कलाकृतीला निधी मिळण्यासाठी ती कोणत्या जमातीची आहे, हे आधी सांगणे भाग पडू लागले.

कराचीहून १९६४मध्ये लंडनला आलेले कलावंत रशीद अराईन यांनी या रकान्यावर केलेला हल्ला म्हणूनच महत्त्वाचा. 'थर्ड टेक्स्ट' या १९८७मध्ये त्यांनी सुरू केलेल्या नियतकालिकाची भूमिका अशी की, आफ्रो-आशियाई कलावंत आधुनिकतेच्या इतिहासाचे कर्ते आहेत. त्यांना वांशिक कलेच्या दालनात बसवणे हा सन्मान नसून बहिष्काराचाच सभ्य प्रकार आहे. १९८९मध्ये हेवर्ड गॅलरीत त्यांनी चोवीस कलावंतांचे 'दि अदर स्टोरी' हे प्रदर्शन मांडले. त्याचा पहिला प्रस्ताव दहा वर्षांहून अधिक काळापूर्वी फेटाळला गेला होता.

रकान्याची सत्ता पुढेही संपली नाही. इंग्लंडच्या आर्ट्स कौन्सिलची 'डेसिबल' योजना आणि पेंग्विन यांच्या संयुक्त पारितोषिकाला लेखकाच्या वंशाची अट होती. वांशिक समतेसाठी नेमलेल्या आयोगानेच हरकत घेतल्यावर ती काढावी लागली. त्यानंतर २००७मध्ये निघालेला संग्रह कशाचा होता? ब्रिटनमध्ये आलेल्या स्थलांतरितांच्या सत्यकथांचा. लेखकावरील अट गेली आणि विषयावर येऊन बसली. स्थलांतरिताने आपल्या स्थलांतराची हकिगत सांगावी, ही अपेक्षा अबाधित राहिली.

येथे एक आक्षेप संभवतो. खऱ्या प्रतिभेला संघटनेची गरजच काय? फ्रान्सिस न्यूटन सूझा यांचे उदाहरण दिले जाईल. गोव्यातील साळगावात जन्मलेले, मुंबईत १९४७मध्ये 'प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप' स्थापन करणाऱ्यांपैकी एक असलेले सूझा १९४९मध्ये लंडनला गेले. १९५५मध्ये व्हिक्टर मस्ग्रेव्ह यांच्या 'गॅलरी वन'मधील प्रदर्शनाने आणि स्टीफन स्पेंडर संपादक असलेल्या 'एन्काउंटर'मधील आत्मकथनपर लेखाने त्यांचे नाव झाले. कोणत्याही जमातीच्या संस्थेने त्यांना वर आणले नव्हते. हे सारे खरे. पण १९६७मध्ये ते न्यूयॉर्कला गेले आणि ब्रिटिश आधुनिक कलेच्या कथनात त्यांची जागा रिकामी राहिली, हेही तितकेच खरे. ती जागा आहे, हे आग्रहाने सांगणाऱ्या प्रयत्नांत 'दि अदर स्टोरी' अग्रभागी होते. व्यक्तिगत आश्रय कलावंताला बाजारात नेतो. इतिहासात नेण्यासाठी त्याच्या वतीने वाद घालणारी समीक्षा लागते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. जमातीच्या नावाने चालणारे कार्य कलावंताला जमातीचा बंदी करते, घरातील अन्याय झाकून ठेवायला लावते, असे म्हटले जाते. बहुसांस्कृतिकतेच्या धोरणाने जमातीच्या स्वयंघोषित पुढाऱ्यांना बळ दिले आणि स्त्रियांचा आवाज दडपला, ही गीता सहगल आणि नीरा युव्हाल-डेव्हिस यांची टीका यथार्थ आहे. परंतु तिचे उत्तरही सामूहिक कार्यातच सापडते. रविंदर रंधावा यांच्या पुढाकाराने १९८४मध्ये सुरू झालेल्या 'एशियन विमेन रायटर्स वर्कशॉप'ला प्रारंभी ग्रेटर लंडन कौन्सिलचे अर्थसाहाय्य होते. १९८६मध्ये ते कौन्सिलच बरखास्त झाले. तरी १९८८मध्ये 'राइट ऑफ वे' हा संग्रह निघाला. या लेखिका एकमेकींचे लेखन वाचत, त्यावर टीका करीत आणि 'आशियाई' म्हणजे कोण, याच प्रश्नावर वाद घालीत. जमातीचे प्रतिनिधित्व आणि जमातीविषयीचा वाद यांतील भेद येथे स्पष्ट होतो. पहिल्यातून पुढारी निपजतात, दुसऱ्यातून लेखक.

मराठी समीक्षेला हे परके वाटू नये. गंगाधर पानतावणे यांचे 'अस्मितादर्श' आणि त्याचे लेखक-वाचक मेळावे यांनी दलित साहित्यासाठी जे केले, ते याच जातीचे कार्य होते. तरीही आपली समीक्षा दलित साहित्याची बोळवण बहुधा 'अनुभवाची दाहकता' या शब्दांनी करते आणि त्यामागील संपादनाला, निवडीला, वादांना चळवळीच्या इतिहासात ढकलते. अनुभव त्यांचा आणि मूल्यमापन आमचे, ही ती श्रमविभागणी. 'वांशिक कला' हा रकाना लंडनमध्ये तयार झाला असेल. त्याची वृत्ती आपल्याकडे आयात करावी लागली नाही.

तेव्हा प्रश्न संशोधनाच्या पद्धतीचा आहे. स्थलांतरितांच्या साहित्यावर लिहिणाऱ्याने संहितेइतकेच प्रकाशनाचे निर्णय, सभांची इतिवृत्ते आणि जमाखर्चाच्या वह्या वाचायला हव्यात. 'न्यू बीकन'च्या वर्तुळातूनच १९९१मध्ये स्थापन झालेल्या जॉर्ज पॅडमोर इन्स्टिट्यूटने अशी कागदपत्रे जतन केली आहेत. त्यांच्याकडे दुर्लक्ष करून केलेली संकरिततेची चर्चा कितीही तरल असली, तरी ती अखेर अनुदानाच्या अर्जाचीच भाषा बोलते. कारण तिलाही कलावंत हवा असतो तो उदाहरण म्हणून. विविधता ही कोणी कोणाला द्यावयाची देणगी नाही. आपल्या शेजाऱ्याची कलाकृती चांगली की वाईट, हे त्याच्या तोंडावर सांगण्याइतके त्याला बरोबरीचे मानणे, ही तिची पहिली अट आहे. ती अट कार्यकर्त्यांनी पाळली. प्राध्यापकांनी ती अद्याप पाळावयाची आहे.