इंग्रजीतली गझल, पण काफिया पाहिजे!



मेहरूणसारख्या वस्तीतली मुले आता इंग्रजी शाळेत जातात आणि कविताही इंग्रजीत करतात. करू द्या. पण दोन-दोन ओळी लिहून वर 'गझल' असे नाव टाकले की गझल होत नाही, एवढे त्यांना जरूर सांगा.

माधव जूलियन फारसीचे जाणकार. त्यांनी 'गज्जलांजली'तून हा प्रकार मराठीत रुजवू पाहिला. पण त्याचे कायदे घरोघर पोचवले ते अमरावतीच्या सुरेश भटांनी. उत्तरायुष्यात बौद्ध धम्म स्वीकारणारे तेच भट. नवोदितांसाठी त्यांनी 'गझलेची बाराखडी' लिहिली. कायदा असा : 'गाणी होती', 'कहाणी होती' यात 'होती' हा रदीफ, तो बदलत नाही. त्याआधीचे 'गाणी, कहाणी' हे काफिये. पहिल्या शेरात दोन्ही ओळींना, पुढे प्रत्येक शेराच्या दुसऱ्या ओळीला ते आलेच पाहिजेत. वृत्त सर्व ओळींना एकच. आणि प्रत्येक शेर आपल्या पायावर उभा.

अमेरिकेत १९६८ च्या सुमारास एड्रियन रिच यांनी गालिबला मान देत इंग्रजीत गझला लिहिल्या, पण काफिया-रदीफ सोडून. काश्मीरचे कवी आगा शाहिद अली यांना हे पटले नाही. कायदा पाळणाऱ्या इंग्रजी गझलांचा संग्रह त्यांनी २००० साली संपादित केला. पुढच्याच वर्षी ते वारले.

अडचण खरी आहे. मराठीत क्रियापद शेवटी येते, म्हणून 'आहे', 'होते' हे रदीफ आपोआप मिळतात. इंग्रजीत क्रियापद मधेच येऊन जाते. शेवटी उरते वेळ नाहीतर ठिकाण. शाहिद अलींनी तेच धरले. त्यांच्या एका गझलेचा रदीफ 'टुनाइट', दुसरीचा 'इन ॲरेबिक'. मग आपल्या मुलीने 'इन मेहरूण' का धरू नये? 'वॉटर इन मेहरूण', 'डॉटर इन मेहरूण'! तलाव आला, लेक आली. बोरांना काफिया तिने शोधावा. वृत्ताचे मात्र तिला नव्याने शिकावे लागेल. मराठीत आपण लघु-गुरू मोजतो, इंग्रजीत शब्दावरचा आघात मोजतात.

लिहून झाले की तिला घरात मोठ्याने वाचायला लावा. इंग्रजी न येणाऱ्या आईलाही काफिया चुकलेला कानाने कळतो. पोरीला तिथल्या तिथे टोका.