आदिलाबादच्या रेशनवर आदिलाबादची ज्वारी का नाही?

‘माणशी सहा किलो तांदूळ फुकट, तोही एप्रिल २०२५पासून बारीक. मग उपाशी आहे कोण?’ तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्यात उटनूर-इंद्रवेल्लीकडच्या गोंड-कोलाम आदिवासींच्या कुपोषणाचा विषय काढला की हा सवाल तोंडावर येतो. त्यातलं अर्धं खरं आहे. पावसाळ्यात ओढे भरले की डोंगरातले गुडे, म्हणजे आदिवासी पाडे, बेटं होतात. तेव्हा चूल पेटते ती या तांदळावर. जून २०२५मध्ये तर तीन महिन्यांचं धान्य एकदम वाटलं. त्याला नावं ठेवणारा करंटाच.

पण ताटात डोकावून बघा: भाताचा ढीग, त्यावर पाण्यासारखं वरण, तेही नसेल तर मिरचीचा ठेचा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २०१९-२० साली तेलंगणातली पाच वर्षांखालची शंभरातली सत्तर मुलं रक्तक्षयी निघाली. रेशन तेव्हाही सुरूच होतं. पुढे तांदळात वरून लोह मिसळायचं धोरण आलं. म्हणजे नुसत्या तांदळाने भागत नाही, हे सरकारलाच मान्य! ज्वारीत हे लोह मुळातच आहे, प्रथिनंही तांदळाहून जास्त. सगळं लोह अंगी लागत नाही हे कबूल, म्हणून तर सोबत डाळ आणि भाजी हवी.

‘मग ज्वारी सोडून कापसामागे कोण धावलं?’ धावले खरे. कापसाला रोख पैसा आहे, बियाणं-खत उधारीवर मिळतं. ज्वारी राखायची तर दिवसा पाखरं, रात्री रानडुकरं, आणि विकायला गेलं तर भाव पडलेला. यात अडाणीपणा कुठे दिसतो? ज्वारीच्या कण्या आणि अंबाडीच्या भाजीवर वाढलेल्या आजीला काय खावं हे शिकवायला शहरातून शहाणा यावा लागत नाही.

उरला ‘ज्वारी टिकत नाही, सोंडे लागतात’ हा कोठारवाल्यांचा आक्षेप. केंद्राने ज्वारी वाटपाची मुदत तीन महिन्यांवरून नऊ महिन्यांवर नेली, ती काय सोंड्यांना विचारून? कर्नाटकात रेशनवर ज्वारी-नाचणी दिली जाते. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्यातही गहू-तांदळाच्या जोडीला भरड धान्य लिहिलेलंच आहे. मार्कफेड या राज्याच्या सहकारी पणन संस्थेने आदिलाबादमध्ये हमीभावाने ज्वारी घेतलीही. ती गुड्यातल्या रेशन दुकानात मात्र उतरली नाही.

उटनूरच्या बायकांच्या मोहाच्या लाडवांचं कौतुक दिल्लीपर्यंत झालं, छानच झालं. पण लाडू कौतुकाचा, भाकरी रोजची. तेव्हा उन्हाळ्यात इथली ज्वारी इथेच खरेदी करा. सहा किलोंतले दोन किलो ज्वारीचे, वर घरटी किलोभर तूरडाळ, आणि हे सगळं ओढे भरायच्या आत तांदळाच्याच गाडीतून गुड्यावर.