‘जोन्स’ म्हणजे जॉनचा मुलगा, इतकेच?

‘जोन्स म्हणजे जॉनचा मुलगा. जॉन हे नाव मूळ हिब्रू योहानानवरून आले. अर्थ, ईश्वराची कृपा.’ आडनावांच्या व्युत्पत्तीवरचे कोणतेही इंग्रजी पुस्तक उघडावे, वेल्समधल्या या सर्वांत प्रचलित आडनावाचा निकाल असा दोन ओळींत लावलेला आढळतो. त्याच दोन ओळी जाड कागदावर छापून, वर ढाल, सिंह आणि शिरस्त्राण चितारून ‘जोन्स घराण्याचे कुलचिन्ह’ म्हणून विकण्याचा धंदाही ब्रिटन-अमेरिकेत बरा चालतो. वास्तविक कुलचिन्ह आडनावाला मिळत नसते, विशिष्ट व्यक्तीला आणि तिच्या वंशजांना मिळते. पण विकणाऱ्यांचे सोडून देऊ. पोटासाठी माणूस काय विकणार नाही? माझी तक्रार जाणत्यांबद्दल आहे. शब्दाचा अर्थ सांगितला की घराण्याचा इतिहास सांगून झाला, ही त्यांची समजूत मला साफ अमान्य आहे.

आपल्या ओळखीच्या जोन्सचेच उदाहरण घेऊ. १७८४ साली कलकत्त्यास एशियाटिक सोसायटी स्थापन करणारे, संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषांचा उगम एक असावा असे १७८६ च्या व्याख्यानात सांगणारे आणि केल्टिक भाषांनाही त्याच कुळात बसवू पाहणारे सर विल्यम जोन्स. भाषांची वंशावळ शोधणाऱ्या या पंडिताचे आडनाव किती जुने? त्यांचे वडील, त्यांचेही नाव विल्यमच, हे गणिती होते. वर्तुळाच्या परीघ-व्यास गुणोत्तरासाठी ‘पाय’ हे चिन्ह १७०६ साली त्यांनीच प्रथम वापरले. त्यांचा जन्म १६७५ च्या सुमारास अँगलसी बेटावर झाला आणि त्यांच्या वडिलांचे नाव होते शॉन शॉर, इंग्रजीत जॉन जॉर्ज. शॉनचा मुलगा, म्हणून विल्यम हे जोन्स झाले. विल्यमचा मुलगा, म्हणून सर विल्यम मात्र विल्यम्स झाले नाहीत. ते जोन्सच राहिले. तेव्हा हे जगप्रसिद्ध आडनाव कलकत्त्यास पोहोचले तेव्हा ते अवघे दोन पिढ्यांचे होते. योहानान आणि ईश्वरी कृपा यांनी यातले काय उलगडते? मुलाच्या पिढीत नावाचे चाक फिरायचे का थांबले, हा खरा प्रश्न; आणि कोश त्याविषयी चकार शब्द काढत नाहीत.

वेल्सची मूळ पद्धत मराठी वाचकाला समजावून द्यायला फार सायास नकोत. आपल्या जुन्या मोडी कागदांत ‘अमुक बिन तमुक’ असे असते. मी ज्या राज्यात नोकरी केली तेथील महसुली दफ्तरात ‘वल्द’ असते. वेल्श भाषेत त्या जागी ‘अप’ येतो, स्वरापूर्वी ‘अब’. मूळ शब्द ‘मॅब’, म्हणजे मुलगा. स्कॉटिश आणि आयरिश ‘मॅक’चा हा सख्खा भाऊ. मुलीसाठी ‘फेर्च’. ही साखळी हवी तितकी लांबवता येई. इंग्रज विनोदकारांनी तिची यथेच्छ टिंगल केली आहे. पण डोंगराळ मुलखातल्या लोकांचा वंशाभिमान म्हणून ज्याची थट्टा झाली, तो त्यांच्या कायद्याचा पाया होता. राजा हवेल द्दा याच्या नावाने चालत आलेल्या वेल्श कायद्यात वडिलांची जमीन सर्व मुलांत वाटली जाई आणि तिच्यावरचा हक्क चुलतभावांच्या पुढच्या पिढीपर्यंत पोहोचे. खुनाची भरपाई तर दूरदूरच्या भाऊबंदांकडून वसूल होई. अशा व्यवस्थेत पणज्याचे नाव ठाऊक असणे म्हणजे हाती सातबारा असण्यासारखेच होते.

यावर वेल्श अभिमान्यांकडून ठरलेले उत्तर येते : आठव्या हेन्रीने कायदा करून आमचा ‘अप’ मारला. हेही मला पटत नाही. १५३६ आणि १५४३ च्या ज्या कायद्यांनी वेल्स इंग्लंडला जोडला गेला, त्यांत न्यायालयाची भाषा इंग्रजी ठरली, इंग्रजी न वापरणाऱ्यास सरकारी पद बंद झाले आणि वारसाहक्क इंग्रजी रीतीने चालावा असे ठरले. आडनावाविषयी मात्र त्यांत एकही कलम नाही. गरजच नव्हती. जमीन वाटली जाणे संपले तेव्हा साखळी पाठ ठेवण्याचे कारणही संपले. आणि न्यायालयातल्या, करवसुलीच्या यादीतल्या इंग्रज कारकुनाला प्रत्येक माणसामागे एकच शब्द हवा होता. तीस वर्षे सरकारी नमुने भरून घेतल्यावर मी एवढे खात्रीने सांगू शकतो की, कायदा जे करू धजत नाही ते रकाना सहज करून जातो. कायद्याला विरोध होतो. रकान्याला कोण विरोध करणार? अर्ज परत येईल, या धास्तीने माणूस स्वतःच आपले नाव रकान्याच्या मापाचे करून देतो.

ते माप घेताना ‘अप’ पुढच्या नावाला चिकटला : अप हवेलचा पॉवेल झाला, अप रीसचा प्राइस, अप हॅरीचा पॅरी, अब ओवेनचा बोवेन, अब इव्हानचा बेव्हन. इतर ठिकाणी तो गळून इंग्रजी षष्ठीचा ‘स’ लागला आणि जोन्स, डेव्हिस, विल्यम्स, इव्हान्स यांची दाटी झाली. ‘जोन्स’चे पहिले अक्षर तर वेल्श वर्णमालेत परंपरेने नव्हतेच! जमीनदार मंडळींनी सोळाव्या शतकातच ही रीत उचलली, तर खेड्यापाड्यांत जुनी पद्धत अठराव्या शतकातही जिवंत होती. १८१३ पासून चर्चच्या बाप्तिस्मा नोंदवहीचा छापील नमुना आला. त्यात आईबापांच्या नावाखाली आडनावाचा वेगळा रकाना होता. उरलेसुरले काम त्याने आणि १८३७ पासूनच्या मुलकी नोंदणीने पुरे केले.

गंमत अशी की ज्या राजघराण्याच्या काळात हे सुरू झाले त्याचे स्वतःचे आडनाव अशाच अपघाताने ठरले होते. सातव्या हेन्रीचा आजा ओवेन अप मेरेडिथ अप ट्युडर. इंग्रजांनी त्याला बापाच्या नावाने ओळखायचे ठरवले असते तर इंग्लंडवर मेरेडिथ घराणे राज्य करते. आज्याचे नाव चिकटले म्हणून ट्युडर! आणि १५३८ साली चर्चला नोंदवह्या ठेवण्याचा हुकूम देणाऱ्या टॉमस क्रॉमवेलच्या बहिणीचा नवरा वेल्श, मॉर्गन विल्यम्स. त्यांच्या मुलाने मामाचे आडनाव घेतले. पुढे राजाचे मस्तक उतरवणारा ऑलिव्हर क्रॉमवेल हा त्या मुलाचा पणतू. म्हणजे पुरुषवंशाने पाहता विल्यम्सच. आता याला ‘क्रॉमवेल’ची व्युत्पत्ती सांगून काय उपयोग?

या सगळ्यात स्त्रियांचे जे झाले ते कोशकारांच्या ध्यानातही येत नाही. जुन्या पद्धतीत वेल्श बाई लग्नानंतरही अमुकची ‘फेर्च’च राहत असे, नवऱ्याचे नाव लावण्याची चाल नव्हती. आडनाव आले आणि तिचे बाप-आजे नोंदीतून पुसले गेले. ज्याला आज जोन्स घराण्याचा इतिहास म्हणतात त्यात निम्मे पूर्वज नाहीतच.

बरे, ज्या सोयीसाठी हा खटाटोप झाला ती तरी साधली का? १८७९ साली दक्षिण आफ्रिकेतील रोर्क्स ड्रिफ्टच्या लढाईत एकाच तुकडीतल्या दोन जोन्सना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांना वेगळे ओळखायचे ते क्रमांकांनी : रॉबर्ट ७१६, विल्यम ५९३. तिसरे मानकरी जॉन विल्यम्स, यांचे खरे आडनाव फील्डिंग. भरती होताना त्यांनी खोटे आडनाव दिले होते. २००६ साली कार्डिफच्या एका सभागृहात बाराशेहून अधिक जोन्स विश्वविक्रमासाठी एकत्र आले, तेव्हा वृत्तपत्रांनी ‘कुटुंब’ असा शब्द वापरण्याचा मोह होणे साहजिक होते. ते कुटुंब नव्हते. शेकडो निरनिराळ्या शॉन, इव्हान आणि जॉनांच्या मुलांपाशी कारकुनाची लेखणी थांबली, एवढेच त्यांचे नाते.

उलट खऱ्या भावांकडे पाहा. वेल्श गायक आणि राजकारणी डॅविड इवान, अभिनेते ह्यू केरेडिग आणि वेल्श विधिमंडळाचे सदस्य राहिलेले अलन फ्रेड जोन्स हे सख्खे भाऊ, गेरल्ट जोन्स यांचे पुत्र. पहिल्या दोघांनी जोन्स टाकले, तिसऱ्याने ठेवले. आडनावांच्या कोशाला हे तिघे एकमेकांचे कोणीही लागत नाहीत.