पहिला नंबर की शेवटचा बाक?

ऑफिसात 'चांगल्याकडून उत्कृष्टाकडे' छापाचं ट्रेनिंग झालं की मला हटकून लातूर पॅटर्न आठवतो.

राजर्षी शाहू, दयानंद या कॉलेजांनी ज्यादा तास घेतले, सराव परीक्षांचा रतीब घातला. बोर्डाच्या गुणवत्ता यादीत लातूरची पोरं झळकली ती काही फुकट नाही. मान्य! पण मंडळी, यादीत मोजतात कोणाला? वरच्या मूठभरांना. आता ती यादी गेली, 'नीट'चे फ्लेक्स आले. आमच्या शिरूर अनंतपाळहून दहावीला ६० टक्के घेऊन गेलेल्या पोराचं पुढे काय झालं, ते कुठल्याच फ्लेक्सवर नसतं. दहावीचे हुशार आत घ्यायचे, बारावीला हुशार बाहेर काढायचे... आमच्या धंद्यात असं टेस्टिंग कुणी पास करणार नाही.

मुंबईचे डबेवाले बघा. काम १८९० पासूनचं, २०१० साली हार्वर्ड बिझनेस स्कूलने त्यांच्यावर केस स्टडी केली. एखादा डबा लई लवकर पोचवला म्हणून नव्हे. कुणाचाच डबा चुकू नये, या शिस्तीसाठी.

तेव्हा फ्लेक्सवर टॉपरच्या शेजारी नापासांचा आणि मधेच सोडून गेलेल्यांचा आकडाही छापा. शेवटचा बाक जेवढा वर आला, तेवढीच संस्था मोठी. बाकी सगळा फ्लेक्सचा खर्च. पटतंय का बघा.