मांजराची नखं काढली म्हणजे भीती गेली का?

"डॉक्टर, मांजर पाळायचंय, पण घरात लहान मूल आहे. नखं काढून टाकता येतात का हो?" हा प्रश्न आता नांदेड-लातूरकडेही विचारला जातो. पूर्वी आपल्याकडे मांजर दुधाच्या वेळेला यायचं, धान्याच्या खोलीतले उंदीर मारायचं आणि पत्र्यावर जाऊन झोपायचं. आता फ्लॅट आहे, पर्शियन मांजर आहे आणि सोफ्यावर ओरखडे आहेत. कधी अमेरिकेहून परतलेली मुलं सोबत आणलेलं मांजर गावी आई-बाबांकडे ठेवतात आणि त्याची नखं तिकडेच काढलेली असतात. घरचे खूश होतात, नखंच नाहीत म्हटल्यावर कसली भीती!

मला हे पटत नाही. का, ते सांगतो.

आपलं नख कातडीतून वाढतं, मांजराचं मात्र बोटाच्या शेवटच्या हाडाला जोडलेलं असतं. ते पुन्हा येऊ नये म्हणून ते हाडच सांध्यातून छाटावं लागतं. पुढच्या दोन पायांची मिळून अशी १० हाडं. आपल्या दोन्ही हातांच्या सगळ्या बोटांची शेवटची पेरं तोडल्यासारखं झालं हे. त्यात मांजर चालतं ते बोटांवरच. म्हणजे पुढची सगळी वर्षं ते त्याच कापलेल्या टोकांवर वजन टाकत असतं.

अमेरिकेत २७४ मांजरं तपासून केलेला एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या निम्म्या मांजरांची नखं काढलेली होती. अशा मांजरांमध्ये पाठीचं दुखणं, नको तिथे शी-शू करणं आणि चावणं हे तिन्ही जास्त दिसलं. ६३ टक्के मांजरांच्या एक्स-रेमध्ये हाडाचे तुकडे आतच राहिलेले आढळले. न्यूयॉर्क राज्याने २०१९ मध्ये उपचाराचं कारण वगळता या शस्त्रक्रियेवर बंदी घातली. आपल्याकडे प्राण्यांच्या छळाविरुद्धचा १९६० चा कायदा आहे. त्याच्या कलम ११ मध्ये प्राण्याचा अवयव छाटणं गुन्हा आहे. गुरांची शिंगं काढणं आणि वेसण घालणं यांना त्यात सूट आहे, मांजराच्या नखांना नाही.

आता माणसांचा डॉक्टर म्हणून महत्त्वाचं. वरच्या अभ्यासातला 'चावणं' हा शब्द सोडून देऊ नका. नखं गेलेल्या मांजराकडे स्वतःला वाचवायला दातच उरतात, आणि मांजराचा चावा ओरखड्यापेक्षा वाईट. दात सुईसारखे असतात. वरून टाचणी टोचल्याएवढं छिद्र दिसतं, पण जंतू आत सांध्यापर्यंत, स्नायूबंधापर्यंत पोहोचतात. रात्रीत हात सुजून लाल होतो. मधुमेह असेल, स्टिरॉइडच्या किंवा प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या चालू असतील तर हे आणखी गंभीर. गंमत म्हणजे एचआयव्हीच्या रुग्णांनाही मांजराची नखं काढून घ्या असा सल्ला तज्ज्ञ देत नाहीत. अंगावर नखं चालतील असे खेळ टाळा, पिसवांचा बंदोबस्त करा, असं सांगतात. ओरखड्यातून ताप आणि गाठी आणणारे जंतू मांजराच्या अंगावर पसरतात ते पिसवांमुळेच.

चावा असो की ओरखडा, जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा. घड्याळ लावून १५. हळद, चुना, मिरचीपूड काहीही भरू नका. मग दवाखान्यात या. रक्त न येता नुसतं खरचटलं असेल तरी रेबीजची लस लागते. रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावं लागतं. मांजराला लस दिलीय म्हणून आपली लस स्वतःच्या मनाने टाळायची नाही. पोटातली १४ इंजेक्शनं वीस वर्षांपूर्वीच बंद झाली. आता दंडात घेतात, आणि सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. आपल्याकडे मांजर चावलं तर 'कुत्रं थोडंच आहे' म्हणून लोक घरी बसतात. कृपा करून बसू नका, रेबीज मांजरातूनही होतो.

मग नखं काढलेलं मांजर घरात घेऊ नये का? घ्या. जे झालं त्यात त्याचा काय दोष? फक्त त्याला दुखतं, हे धरून चाला. एका पायावरून दुसऱ्यावर वजन टाकत राहणं, पंजे सारखे चाटणं, उडी मारायला कचरणं, पंजाला हात लावला की फटकन चावणं, हा स्वभाव नसून दुखणं असू शकतं. कधी राहिलेल्या तुकड्यातून वेडंवाकडं नख पुन्हा वाढतं आणि गादीत रुततं. अशा वेळी जनावरांच्या डॉक्टरांकडून पंजाचा एक्स-रे काढून घ्या. लातूर जिल्ह्यात उदगीरला आणि इकडे परभणीला पशुवैद्यक महाविद्यालयं आहेत.

शी-शूच्या पेटीत खडबडीत खडे टोचतात. चाळलेली बारीक वाळू किंवा कागदाचे कपटे घाला. पेटी रोज साफ करा, पण घरात गरोदर बाई असेल तर तिला ते काम देऊ नका. उंच जागी जायला मध्ये एखादा पाट किंवा खुर्ची ठेवा. आणि त्याला बाहेर सोडू नका. गल्लीत कुत्री मागे लागली तर हे मांजर कडुनिंबावर चढू शकत नाही.

ज्यांच्या मांजराला नखं आहेत त्यांनी सोफा वाचवायला आडतीवरचा जुना तागाचा बारदाना लाकडी खांबाला घट्ट गुंडाळावा आणि तो सोफ्याशेजारीच उभा करावा. दोन-तीन आठवड्यांनी नखांची फक्त पांढरी टोकं कापा. आतला गुलाबी भाग जिवंत असतो, तिथे कात्री लावू नका.

एक गोष्ट मात्र आजच घरात सगळ्यांना सांगून ठेवा. मांजर लंगडतंय म्हणून त्याला घरातली पॅरासिटामॉल देऊ नका. क्रोसिन, डोलो, सगळं तेच. आपल्याला ताप-दुखीला चालणारी ही गोळी मांजराच्या रक्तावर आणि यकृतावर विषासारखी काम करते, आणि त्याचा जीव जायला एक गोळी पुरते. चुकून दिलीच असेल तर उतरायची वाट पाहू नका, तासाभरात जनावरांच्या डॉक्टरांकडे न्या आणि गोळीचं पाकीट सोबत ठेवा.